बालीत एक दिवस, खासगी गाडी आणि स्थानिक गाइड: यादीतून काय काढायचं

वाचकाचं पत्र

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण बालीला निघालोय. मी, नवरा, सासूबाई (68, गुडघे दुखतात), सासरे (72), मुलगा 11 वर्षांचा आणि मुलगी 6 वर्षांची. पाचही रात्री सेमिन्याकच्या एकाच हॉटेलात बुकिंग आहे, ते अजून बदलता येईल. इथल्याच एका एजंटने ‘कस्टमाइज्ड प्रायव्हेट डे टूर’ म्हणून एका दिवसाची यादी पाठवली आहे: लेम्पुयांगच्या मंदिराचं गेट, तिर्ता एम्पुलचं तीर्थ, तेगलालांगची भातशेती, दरीवरचा झोका, लुवाक कॉफी (उदमांजराच्या विष्ठेतून मिळणाऱ्या बियांची), मंकी फॉरेस्ट, बेडुगुलचं तलावातलं मंदिर आणि शेवटी तानाह लोतला सूर्यास्त. माणशी 45 डॉलर, तिकिटं आणि जेवण वेगळं. हे खरंच एका दिवसात होतं का? तिथला गाइड आपला आपण ठरवता येतो का? त्याला नेमकं काय सांगायचं? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. शिवाय सासूबाईंची एकादशी मधेच येते.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, नाही होत. यादीतलं बहुतेक ठिकाण आपापल्या जागी चांगलं आहे, पण ही आठ ठिकाणं बेटाच्या तीन वेगवेगळ्या दिशांना पसरलेली आहेत. नकाशावर बाली एवढंसं दिसतं आणि तिथेच फसगत होते. तिथले बरेचसे रस्ते अरुंद, गावागावांतून जाणारे, दोन्ही बाजूंना दुकानं, मंदिरं आणि मधून स्कूटरची रीघ. दिवसभराची सरासरी ताशी 30 किलोमीटर पडली तरी चांगली म्हणायची.

एजंटच्या यादीप्रमाणे नुसती गाडी चालवून बघा. सेमिन्याक ते लेम्पुयांग अडीच तास. तिथून तिर्ता एम्पुल पावणेदोन ते दोन तास. पुढे तेगलालांग 20 मिनिटं, तिथून उबुद गावातलं मंकी फॉरेस्ट अर्धा तास. उबुदहून बेडुगुल दीड तास, बेडुगुलहून तानाह लोत दीड तास, आणि संध्याकाळच्या गर्दीत परत सेमिन्याक एक तास. ही झाली सव्वानऊ तासांची बेरीज, कुठेही पाय खाली न ठेवता. बालीत गाडी-ड्रायव्हरचा दिवस साधारण 10 तासांचा धरतात आणि तो हॉटेलच्या दारापासून परत हॉटेलच्या दारापर्यंत मोजतात. म्हणजे आठ ठिकाणं बघायला, जेवायला आणि सहाजणांनी स्वच्छतागृहात जाऊन यायला मिळून पाऊण तास उरतो.

मग प्रत्यक्षात काय घडतं? दुपारी तीनच्या सुमाराला ‘आता बेडुगुल नको, धुकं असेल’ असं सांगून एक ठिकाण गळतं, मग दुसरं गळतं. झोका आणि कॉफी मात्र गळत नाहीत, कारण तिथे गाडी नेली की ड्रायव्हरला किंवा एजंटला कमिशन मिळतं. यादी लांब ठेवण्यात त्यांचं काहीच जात नाही.

लेम्पुयांग तर तुम्ही आधीच काढून टाका. तिथे खालच्या पार्किंगला गाडी सोडून दुसऱ्या गाडीने वर जावं लागतं, मग टोकन घेऊन फोटोसाठी नंबर लावायचा. गर्दीच्या दिवशी दोन-तीन तास सहज मोडतात. आणि फोटोत गेटच्या पायाशी जो तलाव दिसतो, तो तिथे नाहीच. फोटो काढून देणारा माणूस मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली आरसा धरतो, त्यात गेटचं प्रतिबिंब पडतं. सहा वर्षांच्या मुलीला आणि दुखऱ्या गुडघ्यांना घेऊन त्या रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही.

खासगी गाडीचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते वाटेल तिथे जास्त थांबता यावं आणि नको तिथून लगेच निघता यावं म्हणून. दिवस गच्च भरला की ही मोकळीकच जाते आणि ग्रुप टूरची धावपळ खासगी गाडीत बसून करावी लागते. तुमच्या घरच्या माणसांचा विचार करता हिशेब असा ठेवा: एका दिवसाला एकच दिशा, जास्तीत जास्त तीन ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी सव्वा तासाहून कमी वेळ धरायचा नाही. वयस्कर माणसांना गाडीतून उतरून चालायला लागेपर्यंतच दहा-पंधरा मिनिटं जातात. ती कुठल्याच एजंटच्या कागदावर नसतात.

आधी हॉटेल बदला

गाइडचं नंतर बघू. बुकिंग बदलता येतंय तर आधी ते बदला. यादीतली तुमच्या उपयोगाची निम्मी ठिकाणं उबुदच्या आसपास आहेत आणि सेमिन्याकहून उबुद एका बाजूने सव्वा ते दीड तास. म्हणून तीन रात्री सेमिन्याक आणि शेवटच्या दोन रात्री उबुद असं करा. चौथ्या दिवशी हॉटेल सोडून उबुदला जायचंच असतं, तेव्हा तोच सहलीचा दिवस ठेवा. सामान गाडीत टाकायचं, वाटेतली आणि पलीकडची ठिकाणं बघायची, संध्याकाळी उबुदच्या हॉटेलात उतरायचं. परतीचे दीड तास वाचतात आणि हॉटेल बदलण्यासाठी वेगळी टॅक्सी लागत नाही. मंकी फॉरेस्ट मग दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश करता येतं.

यात दोन गोष्टी सांभाळा. सामान असेल तर गाडी मोठी हवी. बालीत सात सीटची म्हणून जी टोयोटा अवान्झा किंवा तत्सम गाडी मिळते, तिच्यात ड्रायव्हर धरून सातजण बसले की मागे दोन सॅकसुद्धा कशाबशा राहतात, आणि तिसऱ्या रांगेत चढायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. गुडघ्यांना ते जमणार नाही. सहाजण आणि सहा बॅगांसाठी टोयोटाची हायएस ही मोठी व्हॅन सांगा. भाडं जास्त पडतं, पण पायरी ठेवून सरळ उभ्याने आत जाता येतं. दुसरं म्हणजे, परतीच्या दिवशी उबुदहून विमानाच्या वेळेच्या किमान पाच तास आधी निघा. विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि त्या भागातली कोंडी वेळापत्रक पाळत नाही.

सहल पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका. बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपले पहाटेचे पाच. नाशिकहून मुंबई, तिथून रात्रीचं विमान आणि वर ही पहाट, यात मुलं गाडीतच झोपतात.

दिवस कसा लावायचा

सेमिन्याकहून सकाळी 7:30 ला गाडीची चाकं फिरली पाहिजेत. 7:30 ला लॉबीत जमणं म्हणजे आठला निघणं, आणि आठनंतर देनपासारच्या बाजूला दर दहा मिनिटांच्या उशिराचे पुढे वीस होतात. नाश्ता हॉटेलकडून आदल्या रात्री डब्यात मागून ठेवा.

पहिलं ठिकाण तिर्ता एम्पुल, नऊ-सव्वानऊपर्यंत. साडेदहानंतर मोठ्या बसा येतात. दुसरं तेगलालांग, अकराच्या सुमारास. इथे पायऱ्यापायऱ्यांची भातशेती खोल उतारावर आहे आणि बांधावरची वाट अरुंद, मातीची, पावसात निसरडी. सासू-सासऱ्यांनी रस्त्याला लागून असलेल्या कॅफेत बसावं. तिथून सगळी दरी समोर दिसते. तुम्ही मुलांना घेऊन अर्ध्यापर्यंत उतरून या. बांधावर मधेमधे शेतकरी दानपेटी घेऊन बसलेले असतात, त्यासाठी 5-10 हजार रुपियाच्या (हे तिथलं चलन) नोटा खिशात हव्यात. ही शेती ज्या पाणीवाटपावर चालते त्या ‘सुबाक’ पद्धतीला युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कुठल्या शेताला पाणी कधी, हे शेतकरी मिळून पाण्याच्या मंदिराभोवती ठरवतात. गोदाकाठच्या आवर्तनाची भांडणं ऐकलेल्या सासऱ्यांना हे गाइडकडून समजून घ्यायला आवडेल.

बारा-साडेबाराला जेवण. मग उबुदच्या मधोमध असलेलं सरस्वतीचं मंदिर: सपाट जागा, पुढे कमळांचा तलाव, चढउतार जवळजवळ नाही. तीन-साडेतीनला हॉटेल. एवढंच. नोव्हेंबर म्हणजे तिथे पावसाची सुरुवात. सरी बहुधा दुपारनंतर येतात, म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी उरकलेलं बरं.

ज्वालामुखी बघायचाच असेल तर तेगलालांग काढा आणि त्याजागी किंतामणी घ्या, पण ते सगळ्यात आधी. 1,717 मीटरचा बातुर आणि त्याखालचा तलाव सकाळी स्वच्छ दिसतो, दुपारी ढगांत जातो. दुपारच्या बुफेसाठी तिथे नेणाऱ्या सहली बऱ्याचदा पांढऱ्या भिंतीसमोर जेवून परत येतात. त्या कड्यावर गार वारा असतो, मुलीला स्वेटर घ्या.

बेडुगुल आणि तानाह लोत ही दुसरी दिशा, दुसरा दिवस. गुडघ्यांच्या दृष्टीने तो दिवस सोपा आहे. बेडुगुलच्या तलावाकाठचं उलुन दानु मंदिर म्हणजे एक मोठी बाग आहे. परतीच्या वाटेवर मेंगवीचं तामान आयुन मंदिर, हेही सपाट. तानाह लोतला पावणेपाचपर्यंत पोचा, नोव्हेंबरात सूर्य सहाच्या थोडं पुढेमागे मावळतो. तिथलं मंदिर समुद्रातल्या खडकावर आहे; भरतीत खडकापर्यंत जाता येत नाही आणि ओहोटी असली तरी वर मंदिरात पर्यटकांना सोडत नाहीत, काठावरूनच बघायचं. बेडुगुलचा घाट वळणांचा आहे. मुलांना गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच द्या. नुसा पेनिदा हे वेगळं बेट आहे, बोटीने जावं लागतं, रस्ते खडबडीत आणि उतार उभे. या खेपेला नको.

तिर्ता एम्पुलला गाइड का लागतो

तिर्ता एम्पुल हे झऱ्याचं तीर्थ, दहाव्या शतकापासूनचं. दगडी कुंडात एका ओळीत बसवलेल्या तोंडांतून पाणी पडतं आणि लोक डावीकडून सुरुवात करून एकेका धारेखाली डोकं धरत पुढे सरकतात. शेवटाकडची दोन तोंडं मृतांच्या विधीसाठी राखलेली आहेत, त्यांखाली जायचं नसतं. हे न सांगता ध्यानात येत नाही. पर्यटक समोरच्याच्या मागोमाग जातो आणि तिथेच चुकतो. गाइड बरोबर असला तर तो आधी नैवेद्याची ताटली घ्यायला लावतो, कुठे थांबायचं ते सांगतो, आणि आतल्या अंगणात वाळूतून बुडबुडे येत वर उसळणारं मूळ झऱ्याचं पाणी दाखवतो. निम्मे लोक ते न बघताच परततात.

स्नान करायचं असेल तर अंगावरच्या कपड्यांवर चालत नाही. तिथे भाड्याने वेगळं सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं कापड) मिळतं, लॉकरही. पाणी गार असतं आणि तळाचे दगड शेवाळलेले, त्यामुळे सासूबाईंनी काठावरून ओंजळीने पाणी घेतलं तर उत्तम. कोरडे कपडे, टॉवेल आणि ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी गाडीत न ठेवता हातात ठेवा. ओल्या कपड्यांनी गाडीत बसलेलं कुठल्याही ड्रायव्हरला आवडत नाही. स्नानाला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, तो आधीच धरा.

देवळात स्त्री-पुरुष सगळ्यांनाच कमरेला सारोंग आणि वर शेला लागतो. मोठ्या देवळांत तो दारात देतात. मासिक पाळीत आत येऊ नये असे फलक तिथे लावलेले असतात, आणि घरात नुकतं कोणी गेलं असेल तर त्यांच्यातही आपल्या सुतकासारखं पाळतात. बेत ठरवताना हे मनात असू द्या, म्हणजे दारात अवघडायला होत नाही. वाटेत जमिनीवर नारळाच्या झावळीच्या छोट्या ताटल्यांत फुलं दिसतील. तो नैवेद्य असतो. मुलांना आधीच सांगा, ओलांडायचा नाही, हात लावायचा नाही.

ड्रायव्हर वेगळा, गाइड वेगळा

पंचवटीत रिक्षावाला रामकुंड, काळाराम आणि सीतागुंफा तासाभरात दाखवून आणतो. तिथलं जाणणारा माणूस बरोबर असला तर एकट्या काळारामला तासभर लागतो. बालीतही हेच दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत दोघांनाही ‘लोकल गाइड’च म्हणतात. ड्रायव्हर-गाइड गाडी चालवतो, इंग्रजी बोलतो, वाटेत माहिती सांगतो, पण गाडी लावून तो पार्किंगलाच थांबतो. परवानाधारक गाइड तुमच्याबरोबर आत येतो. त्याच्याकडे सरकारी ओळखपत्र असतं आणि त्यांची ‘हिम्पुनान प्रामुविसाता इंडोनेशिया’ नावाची संघटना आहे. हिंदी बोलणारे काही मिळतात; सासू-सासऱ्यांना इंग्रजी जड जात असेल तर तशी मागणी महिनाभर आधी करा. मात्र ‘हिंदी येतं’ या शब्दावर जाऊ नका, व्हॉट्सॲपवर दोन मिनिटं बोलून बघा.

तुम्ही तिर्ता एम्पुलच्या दिवशी गाइड घ्यावा असं मला वाटतं. बेडुगुल-तानाह लोतच्या दिवशी नुसता ड्रायव्हर पुरेल.

नेमून दिलेला माणूस आदल्या रात्री बदलतो, ही नेहमीची तक्रार. ठरवलेल्याला दुसरी मोठी सहल मिळते आणि तो भावाला किंवा मित्राला पाठवतो. म्हणून आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरचं नाव, फोटो आणि गाडीचा नंबर मागून घ्या. बालीच्या गाड्यांचा नंबर ‘डीके’ने सुरू होतो. जाताना ॲपवर टॅक्सी करू आणि येताना बघू, असं मात्र करू नका. उबुदच्या वरच्या भागात आणि बऱ्याच पर्यटनस्थळी स्थानिक टॅक्सीवाले ॲपच्या गाड्यांना प्रवासी उचलू देत नाहीत. परतताना तुम्ही त्यांच्या दराला बांधले जाता.

पैसे

एजंटचा दर माणशी आहे, इथेच थांबून बघा. 45 गुणिले 6 म्हणजे 270 डॉलर, आपले 24 हजारांच्या घरात, आणि तेही तिकिटं, जेवण सोडून. बालीत खासगी गाडीचं भाडं गाडीमागे असतं, माणसामागे नाही. ड्रायव्हर, पेट्रोल धरून 10 तासांच्या लहान सात सीटच्या गाडीला साधारण 6 ते 8 लाख रुपिया पडतात. एका रुपयाला सुमारे 180 ते 190 रुपिया धरले तर हे झाले 3,200 ते 4,400 रुपये. हायएसला त्याहून जास्त, गाइडचा रोज वेगळा. मोठ्या ठिकाणांची तिकिटं मोठ्यांना 50 हजार ते सव्वा लाख रुपियाच्या दरम्यान, छोट्या ठिकाणांची कमी. परदेशी आणि स्थानिक दर वेगळे असतात, त्यावर घासाघीस होत नाही. लहान गाडी, गाइडशिवाय, तिकिटं, सहाजणांचं जेवण आणि बक्षिसी धरूनसुद्धा दिवस 25 लाख रुपियाच्या आत बसतो, म्हणजे साडेतेरा-चौदा हजार रुपये. हायएस आणि गाइड मिळवले तर एजंटच्या आकड्याच्या जवळ जाल, पण मग तिकिटं आणि जेवण त्यात आलेलं असेल.

आगाऊ रक्कम थोडीच द्या, उरलेली दिवसाच्या शेवटी रुपियात. फलकावर ‘75के’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 75 हजार. शून्यांच्या गोंधळात लाल 1 लाखाची नोट 10 हजारांची म्हणून दिली जाते, तेव्हा दोन्ही वेगळ्या कप्प्यात ठेवा. चलन बदलून घेताना रस्त्याकडेच्या टपरीत जाऊ नका. दर जास्त लावतात आणि मोजताना नोटा खाली सरकवतात. अधिकृत काउंटरवर बदला, आणि शेवटची मोजणी तुमची असू द्या. मोजल्यावर गड्डी परत त्याच्या हातात देऊ नका.

गाइडला काय लिहायचं

फोनवर बोलून ठरवलेलं पुढे कोणालाच आठवत नाही. साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत एकच संदेश पाठवा आणि त्यावर ‘हो’ आल्यावरच पैसे द्या. मजकूर असा:

“आम्ही सहाजण. दोघं वयस्कर, एकीला पायऱ्या जड जातात. दोन मुलं, वय 11 आणि 6. बूस्टर सीट मिळेल का? सकाळी 7:30 ला सेमिन्याकहून सामानासह, शेवट उबुदच्या हॉटेलात. तीनच ठिकाणं: तिर्ता एम्पुल, तेगलालांग, सरस्वती मंदिर. कॉफीची बाग, चांदी, बाटिक, लाकूडकाम यांपैकी कुठेही थांबायचं नाही. त्यासाठी दर थोडा वाढणार असेल तर आधी सांगा. पेट्रोल, पार्किंग, टोल यांपैकी भाड्यात काय आहे? 10 तासांवर गेलो तर तासाला किती? त्या दिवशी वाटेवर कुठे मिरवणूक किंवा उत्सव आहे का?”

दुकानांबद्दलचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कमी भाड्यात सहल देणारा ड्रायव्हर उरलेली कमाई दुकानाच्या कमिशनवर करतो, त्यात लपवाछपवी नाही. म्हणून त्याचं भाडं उगाच खाली पाडू नका. योग्य भाडं दिलं तर तोही आनंदाने सरळ नेतो. कोरीव काम बघायचंच असेल तर मास गाव, चांदीसाठी चेलुक, पण ते तुमच्या इच्छेने आणि अर्धा तास ठरवून. लुवाक कॉफीच्या ठिकाणी उदमांजरं बरेचदा पिंजऱ्यात कोंडलेली असतात, मुलांना ते दाखवावं असं नाही.

उत्सवाचा प्रश्नही विसरू नका. तिथे गालुंगान दर 210 दिवसांनी येतो आणि देवळांच्या जत्रा वर्षभर चालू असतात. मिरवणुकीत रस्ता तासभर बंद राहतो, पण गाइडला माहीत असेल तर तो तुम्हाला ती मिरवणूकच दाखवेल. पुढेमागे मार्चमध्ये जायचा विचार केलात तर गुढीपाडव्याच्या सुमाराची ‘न्येपी’ बघून ठेवा. त्यांचं नववर्षही शक संवताचंच. त्या दिवशी विमानतळासकट सगळं बेट 24 तास बंद असतं, पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही.

माकडांचं एक. मंकी फॉरेस्टला खाऊ, प्लास्टिकची पिशवी, गॉगल काही बरोबर नेऊ नका, चष्म्याला दोरी लावा, मुलीचा हात सोडू नका आणि माकडाच्या डोळ्यांत बघायचं नाही हे तिला सांगा. बालीत रेबीज आहे. ओरखडा जरी आला तरी साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी क्लिनिक गाठून लस घ्यायची, नाशिकला आल्यावर बघू म्हणायचं नाही. प्रवास विमा अशाच वेळी कामी येतो. सहा वर्षांच्या मुलीमुळे हे ठिकाण गाळलंत तरी काही बिघडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: विमानतळावर मिळणारा व्हिसा 5 लाख रुपिया, 30 दिवसांचा, शिवाय 14 फेब्रुवारी 2024 पासून बालीचा पर्यटन कर 1 लाख 50 हजार रुपिया. दोन्ही मुलांनाही लागतात. दोन्ही ऑनलाइन आधी भरता येतात, पण सरकारी संकेतस्थळावरूनच. नक्कल करून जास्त पैसे घेणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

जेवण आणि एकादशी

‘व्हेज’ म्हटलं की बालीत अंडं आणि कोळंबीचा वाटलेला गोळा, म्हणजे ‘तेरासी’, दोन्ही चालतं असं धरतात. तेरासी साम्बाल चटणीत असते, आणि कांगकुंग नावाची पालेभाजी पुष्कळदा तिच्यातच परततात. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी. ऐकायला शाकाहारी, पण वर अंडं आणि कोळंबीचे पापड येतात आणि चटणीतही तेरासी असू शकते. तळलेल्या भातात कोंबडीच्या अर्काची पूड पडते. म्हणून हे शब्द मोबाइलवर लिहून ठेवा आणि गाइडलाच स्वयंपाकघरात बोलायला लावा: ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा तेलुर, तान्पा तेरासी, तान्पा कालदु आयाम’. म्हणजे मांस, मासे, कोळंबी, अंडं, तेरासी आणि कोंबडीचा अर्क यांतलं काही नको. साधा भात, तळलेलं टोफू आणि तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) हे त्यातल्या त्यात निर्धोक. तळणीचं तेल वेगळं हवं असेल तर उबुदमधल्या शुद्ध शाकाहारी किंवा भारतीय उपाहारगृहातच जेवा. दोन्ही तिथे भरपूर आहेत. तिखट-गोड दोन्ही सोसणारा मुलगा काहीही खाईल, मुलीसाठी मात्र ठेपले किंवा दशम्या बरोबर असू द्या. ताजी फळं, मांस असं काही सामानात नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

एकादशीची काळजी नको. केळी, पपई, शहाळं जागोजागी मिळतं, उकडलेल्या शेंगा ‘काचांग रेबुस’ म्हणून मिळतात, रताळ्याला ‘उबी जालार’ म्हणतात. आणि सासूबाईंना ‘सिंगकोंग’ विचारायला सांगा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच हा कंद. बाजारात आणि वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, वाफवलेला मिळतो. वर पेरलेलं खोबरं चालेल, पण मीठ त्यांचं साधं चालतं का ते सासूबाईंना निघण्याआधी विचारून घ्या, नाहीतर सैंधवाची पुडी पर्समध्ये टाका. एकादशी सहलीच्या दिवशीच येत असेल तर गाइडला आदल्या दिवशी कळवा. सकाळी येतानाच तो बाजारातून गरम सिंगकोंग आणि केळी घेऊन येईल, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सासूबाईंना थांबावं लागणार नाही.